सुनेचा हर्रास

आधीच सांगून ठेवते, कोकिळानं आपल्या सुनेचा हर्रास मांडला अशी जी बोंब आमच्या जसोंडी गावभर झाली ना, ती साफ खोटी. हर्रास मांडला निरंजन सरांनी. मी फक्त बोली लावली. आणि लावली तर लावली, कोणाच्या बापाचं काय गेलं? बोली पैशाची नव्हतीच, गुणांची होती.

निरंजन सर बुऱ्हाणपुरात एका शाळेत खेळ शिकवतात. त्यांच्या डोक्यात आलं, की आसपासच्या चार गावांतल्या बायकांची कबड्डी भरवायची. जसोंडीची टीम माझ्याकडे आली, कारण बचत गटाची अध्यक्ष मी, आणि गावात माझ्याइतकं मोठ्यानं कोणी ओरडत नाही. बहादरपूरची टीम आशाबाईंकडे, चौथ्या गावची तिथल्या अंगणवाडीच्या बाईंकडे. आणि फोपनारची कोणाकडे? तर माझ्या विहीणबाईंकडे, सुनंदाबाईंकडे! झालं, तिथंच ठिणगी पडली.

कारण मधे शीतल. माझी सून, त्यांची लेक. लग्नाआधी ती फोपनारकडून खेळायची हे मला ऐकून माहीत होतं. पण सरावासाठी आमच्या खळ्यात पहिल्यांदा पदर खोचून उतरली, आणि माय गं! पाच बायकांनी धरली होती तिला, पाच. वाटलं, गेली. तर ही खालून अशी निसटली, की पाचही जणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि ही मधल्या रेषेवर उभी राहून हसतेय. मी त्याच दिवशी ठरवलं, ही पोरगी जसोंडीकडूनच खेळणार. भाकरी थापणाऱ्या हातांत एवढी जादू घेऊन ती दोन वर्षं माझ्या घरात वावरली आणि मला पत्ताच नाही!

सुनंदाबाईंचा फोन आला. "विहीणबाई, शीतल आमच्याकडून खेळेल. आम्ही शिकवली तिला."

"शिकवली तुम्ही, पण नाव कोणत्या गावच्या राशन कार्डावर आहे?" मी म्हटलं.

"राशन कार्डावर कबड्डी खेळतात का?"

असं आठवडाभर चाललं. बाकी गावांतही तोच तमाशा. लग्न झालेली बाई खेळणार कोणाकडून, माहेराकडून का सासरकडून? सर बिचारे म्हणाले, खेळाडूलाच विचारू. शीतलनं कानाला हात लावले. म्हणाली, "मला नका विचारू. एकीचं नाव घेतलं की दुसरीच्या घरी तोंड कसं दाखवू?" खरंच होतं तिचं.

मग सरांनी तोड काढली. ज्या बाईवर दोन गावं हक्क सांगतील तिच्यासाठी मोबाइलवर बोली. प्रत्येक टीमला पाचशे गुण, आणि बोली चारांपैकी कोणीही लावावी. आशाबाई कडाडल्या, "बाईमाणसाचा हर्रास? काही लाज?" सर म्हणाले, "ताई, हर्रास नही, निवड-बोली बोलो." नाव बदललं, म्हणून आशाबाई तयार झाल्या. बाकी सगळे हर्रासच म्हणायचे.

रविवारी दुपारी आम्ही ओट्यावर बसलो. एका मोबाइलवर चारही गावांचा व्हिडिओ कॉल, दुसऱ्यावर बोलीचं अ‍ॅप. बोटं माझा मुलगा समाधान चालवणार, तोंड मी चालवणार. शीतल चहा टाकून उंबऱ्यात बसली होती. समाधाननं तर सकाळीच बुऱ्हाणपुरातून मावा जिलेबी आणून ठेवली होती. "आई, टेन्शन नको घेऊ, शीतल अपनीच है," म्हणाला. बायको घरात आहे म्हणून टीमच्या नावावर पण आहे, असं वाटत असावं त्याला.

नियम सरळ. एकेका खेळाडूला अर्धा मिनिट. घड्याळ शून्यावर आलं की ज्याची बोली वर, त्याची खेळाडू.

पहिली आली प्रतिभा. माहेर बहादरपूर, सासर फोपनार. म्हणजे झुंज आशाबाई आणि सुनंदाबाईंची, आपला काही संबंध नाही. पण माझ्या डोक्यात किडा वळवळला. सुनंदाबाईंचे गुण इथंच खर्च झाले तर शीतलच्या वेळी त्या काय करतील, हात चोळत बसतील. म्हटलं, "समाधान, चढव."

"आई, आपल्याला प्रतिभा कुठे पाहिजे?"

"चढव म्हणते ना!"

मी शंभर म्हटलं, सुनंदाबाई सव्वाशे. मी दीडशे, त्या पावणेदोनशे. मला काय गुदगुल्या होत होत्या म्हणून सांगू! मी म्हटलं, दोनशे. आणि सुनंदाबाईंनी मोबाइल खाली ठेवला आणि गार पाणी प्यायला लागल्या. आशाबाई पण गप्प. पाच, चार, तीन, दोन, एक. "प्रतिभा, जसोंडी, दोनशे! बधाई हो!" सर म्हणाले.

प्रतिभा माझ्या गळ्यात. व्हिडिओवर विहीणबाई गालातल्या गालात हसत होत्या. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात मीच पाय घातला, आणि वर टाळ्या वाजल्या. माझ्याकडे उरले तीनशे.

मधे दोन-तीन जणी इकडे-तिकडे गेल्या. मग सरांनी नाव घेतलं, "शीतल. मायका फोपनार, ससुराल जसोंडी."

शीतल उंबऱ्यातून उठून माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली.

मी शंभर म्हटलं. सुनंदाबाई सव्वाशे. मी दीडशे. आणि सुनंदाबाई थांबल्या. घड्याळात अजून पंधरा सेकंद होते. मी निवांत बसले. आता का निवांत बसले ते सांगते, आणि हसू नका. मी वरमाय! लग्नात माझे पाय धुतलेत त्यांनी, पंगतीत पहिलं ताट मला वाढलंय. मुलीची आई वरमाईच्या वर बोली लावते का कुठे? लावली दोनदा, हौस फिटली, आता मान ठेवून थांबल्या, असंच वाटलं मला. मी तर समाधानला म्हटलं, "जिलेबी काढ."

त्यानं मोबाइल मांडीवर ठेवून पुडा हातात घेतला. तीन. दोन. एक. आणि त्या एकावर, अगदी त्या एकावर, पडद्यावर आलं, फोपनार, एकशे पंचावन्न.

"दाब! अरे दाब ना मेल्या!"

समाधाननं पाकानं भरलेलं बोट दाबलं. मोबाइलवर आपलं ते गोल चक्र फिरतंय, फिरतंय. घड्याळ शून्य. "शीतल, फोपनार, एकशे पचपन!"

व्हिडिओवर फोपनारच्या खिडकीत नुसता कल्ला. सुनंदाबाईंचा पुतण्या निलेश अंगठा नाचवत होता. तो अंगठा त्यानं बटणावर धरूनच ठेवला होता शेवटच्या क्षणाची वाट बघत, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

माझं डोकं असं सणकलं! "सर, हा हर्रास आहे की खिसेकापूपणा?"

"ताई, रूल तो रूल है," सर म्हणाले. "घडी झीरो, बोली खतम. सगळ्यांना आधीच सांगितलं होतं."

"घड्याळाला काय कळतं हो? माझ्या तोंडात अजून बोली होती! आमची केळी जन्मभर हर्रासात विकली आम्ही. पुकारणारा एक वार म्हणतो, दोन वार म्हणतो, सगळ्यांच्या तोंडाकडे बघतो. कोणी बोललं की परत एक वारपासून सुरू. सगळ्यांची तोंडं बंद झाली की हर्रास बंद! घड्याळ बंद झालं म्हणून नाही!"

"वा विहीणबाई," सुनंदाबाई म्हणाल्या, "हरलं की नियम बदला. आणि प्रतिभाला उगाच चढवत होता, तेव्हा केळीचा हर्रास नाही आठवला?"

पण माघार घेईल ती कोकिळा कसली! म्हटलं, "पण वरमाईच्या वर बोली लावली तुम्ही, आणि ती पण चोरून!"

"मोबाइलवर कसली वरमाय?" त्या म्हणाल्या. "उलट इथं तरी मला तुमच्या वर बोलता आलं."

चारही खिडक्यांतल्या बायका अशा खदखदून हसल्या, की मलाच कळेना रागवावं की काय करावं. बाई बोलली मात्र खरं. मी बोली लावायला बसले होते आणि समोरच्यानं माझा मान राखून गप्प बसावं अशी आशा धरून होते. मग तिच्या चोरीत आणि माझ्या हक्कात फरक तो काय? पण हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "सर, निकाल मान्य नाही."

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि व्हिडिओचा मोबाइल उचलला गेला. शीतल! गाल लाल, नाकपुड्या फुललेल्या. मला वाटलं, आता ही माझ्यावर भडकणार. तर ती आईवर कडाडली.

"आई, प्रतिभा दोनशेला गेली आणि मी एकशे पंचावन्नला?"

सुनंदाबाईंचं हसू अर्ध्यावर अडकलं. "अगं, पण तुला घेतलं ना आपण."

"घेतलं नाही, उचललं! उद्या मैदानात सगळ्या मला काय म्हणतील? फोपनारला सस्त्यात पडली? मी जाईन ना कुठेही, पण माझी बोली पूर्ण होऊ दे. तुम्ही दोघी शेवटपर्यंत बोला. मला ऐकायचंय."

तिनं मोबाइल तोंडाजवळ धरला. "आई, कांदेपोहे झाले तेव्हा मी आत बसून ऐकत होते. मुलीबरोबर काय काय येणार, हेच चाललं होतं बाहेर. माझ्यासाठी कोणी काय द्यायला तयार आहे, हे मी आज पहिल्यांदा ऐकतेय. आणि ते पण घड्याळानं मधेच तोडलं."

मी आपली ओट्याची फरशी बघत बसले. समाधाननं पुडा हळूच बंद केला.

आशाबाईच आधी बोलल्या. "पोरगी बरोबर बोलतेय. मला पण तिच्यावर बोलायचं होतं, तोंड उघडेस्तोवर घड्याळ संपलं."

"मला मान्य आहे," सुनंदाबाई एकदम म्हणाल्या. डोळे पुसून म्हणाल्या. "सर, परत लावा. माझी लेक चोरून नेली असं नको. दिवसाढवळ्या नेईन."

सरांनी चारही गावांना एकेक करून विचारलं. एक जरी गाव नको म्हणालं असतं तर पहिलाच निकाल राहिला असता. पण सगळ्यांनी माना डोलावत 'हाव, हाव' म्हटलं. मग कोणा मुलाला फोन करून त्यांनी अ‍ॅप बदलून घेतलं. आता शेवटच्या दहा सेकंदांत कोणी बोली लावली की घड्याळ परत अर्ध्या मिनिटावर जाणार. आणि वर सर स्वतः एक वार, दोन वार पुकारणार. आणि मी म्हटलं, "अजून एक लिहा. ज्याला खेळाडू पाहिजे त्यानंच बोलावं. उगाच भाव चढवायला बोलू नये."

"हे कोण बोलतंय बघा!" सुनंदाबाई म्हणाल्या.

"ज्याच्या गळ्यात पडते त्यालाच कळतं!" मी म्हटलं, आणि आम्ही दोघी विहिणी पहिल्यांदा एकमेकींकडे बघून हसलो.

पुन्हा पुकारा झाला. शीतल!

आशाबाईंनी उडी घेतली, शंभर. मी दीडशे. सुनंदाबाई पावणेदोनशे. शीतल माझ्या शेजारी मांडी घालून बसली, दोन्ही हात गालांवर. आशाबाई एकशे नव्वद. मी दोनशे. दोनशे झाले तशी शीतलनं टुणकन उडीच मारली, "झाली! प्रतिभाएवढी झाली!"

"थांब, अजून कुठे," मी म्हटलं. माझ्या अंगात आलं होतं. सुनंदाबाई सव्वादोनशे. मी दोनशे तीस. आशाबाई हसत म्हणाल्या, "मी बाहेर, तुम्ही विहिणी बघा."

दर वेळी घड्याळ खाली खाली येई, सर म्हणत, "एक वार... दो वार..." आणि कोणीतरी बोलली की झपकन परत अर्ध्या मिनिटावर. निलेशचा अंगठा तसाच बटणावर होता, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. त्यानं शेवटच्या क्षणी दाबलं तरी मला अख्खा अर्धा मिनिट मिळायचा. विचार करायला वेळ, समाधानवर ओरडायला वेळ. ओट्याभोवती शेजारपाजारच्या बायका जमल्या. कोणी कढईवरची भाजी सोडून आली, कोणी पाळण्यातलं पोर काखेत घेऊन. अडीचशे! पावणेतीनशे! फोपनारकडं कोणीतरी ताट बडवत होतं. इकडं आमचे वामनराव, म्हणजे आमचे मालक, जे टीव्हीसमोरून हलत नाहीत, तेही बनियनवर बाहेर येऊन ओरडले, "सोडू नको!"

समाधान माझ्या कानाशी लागला. "आई, आपले तीनशेच आहेत. मी आशामावशींना गुपचूप फोन लावतो. त्या परत उतरून शीतलला घेतील, मग प्रतिभा देऊन आपण बदलून घेऊ."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. शीतल माझ्याकडे बघत होती. ऐकलं होतं तिनं. मी समाधानच्या हातातून मोबाइलच काढून घेतला. म्हटलं, "बोलीन ते माझ्या तोंडानं."

सुनंदाबाई दोनशे नव्वद. आणि मी एवढी मोठ्यानं ओरडले, की व्हिडिओ नसता तरी फोपनारला ऐकू गेलं असतं.

"तीनशे! सगळेच्या सगळे! घ्या!"

बायकांनी शिट्ट्या मारल्या हो, खरंच शिट्ट्या. शीतलनं माझा दंड गच्च धरला. घड्याळ उतरायला लागलं. तिकडं सुनंदाबाई डोळे मिटून बसलेल्या. एक वार. मी देवीला नारळ बोलले. दोन वार. मी दुसरा नारळ बोलले.

"तीनशे पाच," सुनंदाबाई म्हणाल्या.

घड्याळ परत अर्ध्या मिनिटावर गेलं. हाच नियम मी भांडून मागितला होता, आता त्यानंच मला अख्खा अर्धा मिनिट रिकाम्या हातानं बसवून ठेवलं. ना हाती गुण, ना तोंडी बोली. सर माझ्याकडे बघून थांबत थांबत म्हणाले, एक वार. दोन वार. मी मान हलवली. बोलायला काही उरलंच नव्हतं. तीन वार.

शीतल, फोपनार, तीनशे पाच. त्या दिवसाची सगळ्यात मोठी बोली.

वाईट वाटलं का? वाटलं तर! हातातोंडाशी आलेली पोरगी गेली, डोळे भरून आले माझे. पण दुपारी त्या एकशे पंचावन्नला जी आग लागली होती ना, ती आग मात्र कुठे नव्हती. माझं सगळं बोलून झालं होतं. समोरचीनं माझ्यापुढं होऊन, माझ्या तोंडावर नेली.

"न्या विहीणबाई," मी म्हटलं, "दिवसाढवळ्या न्या."

सुनंदाबाई रडत होत्या की हसत, कळेना. ओट्याभोवती सगळ्या एकदम बोलत होत्या. शीतल उठली. मोबाइल तसाच चालू ठेवून तिनं भिंतीला टेकवला, पदर सारखा केला आणि माझ्या पाया पडायला वाकली.

मी टुणकन मागं उडी मारली.

"खबरदार! आता तू फोपनारची. पायाला हात लागला तर मी बाद!"

अंगणात असा हशा फुटला! पोरगी वाकलेल्या वाकलेलीच राहिली, मग मान वर करून बघितलं तिनं. डोळ्यांत पाणी, पण ओठांवर ते मैदानातलं हसू. हलक्या आवाजात म्हणाली, "आई, मग तुमच्या टीमसमोर खेळू कशी? तुम्हाला राग नाही ना येणार?"

"राग? माझ्यासमोर जर का दम चोरलास, सासू आहे म्हणून हात आखडलास, तर घरात घेणार नाही. सांगून ठेवते."

"हाव?"

"हाव!"

तशी ती हसली, आणि "कबड्डी कबड्डी कबड्डी" म्हणत तिनं अंगणातच माझ्यावर चढाई केली. या वयात माझ्यावर! डावीकडं हूल दिली, उजवीकडून झेप घेतली आणि माझ्या पायाला हात लावला. मी पण कमी नाही, वाकतानाच तिला कमरेतून अशी गच्च कवटाळली की बस. छातीशीच धरली. माझा श्वास तिच्या केसांत, तिचं "कबड्डी कबड्डी" माझ्या खांद्यात. म्हटलं, जा बघू आता फोपनारला. बायका ओरडत होत्या, सोडू नका, सोडू नका. आणि मला खरंच सोडायचं नव्हतं.

पण पोरगी कुठं वळली, कशी वाकली, देव जाणे. माझे दोन्ही हात एकमेकांत अडकलेले आणि ती अंगणाच्या पलीकडं, तुळशीपाशी, धापा टाकत उभी.

"आई, सुटले!" ती ओरडली.

कोणत्या आईला म्हणाली कोण जाणे. पण मोबाइलमधून सुनंदाबाई आणि अंगणातून मी, आम्ही दोघी एकाच दमात ओरडलो, "शाब्बास!"